शनिवारचे पोहे, चिठ्ठ्या आणि आम्ही एजाइलवाले

इंदूरात काहीही सुरू करायचं म्हटलं की आधी नाश्ता ठरतो, विषय मागाहून. पुण्यात म्हणे लोक विचारतात वक्ता कोण, आमच्याकडे विचारतात पोहे कुठले. मग छप्पन दुकानवरचे की कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या ठेल्याचे, वरून घालायचा जिरावन मसाला वेगळा आणायचा का, जलेबी हवीच का, यावर व्हॉट्सअ‍ॅपवर जी काय चर्चा पेटते, तिच्या निम्मी जरी आमच्या ऑफिसांच्या रेट्रोमध्ये, म्हणजे झालेल्या कामाकडे मागे वळून बघायच्या मीटिंगमध्ये, झाली ना तरी बऱ्याच टीम सुधारतील.

तर असा आमचा ग्रुप. महिन्यातला एक शनिवार, सकाळी, सॉफ्टवेअरमधली माणसं जमतात आणि एजाइल, लीन वगैरेवर बोलतात. कंपनीचा नाही, कॉलेजचा नाही, फी नाही. माझ्या सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. "पगार मिळतो का गं याचा?" नाही. "मग सर्टिफिकेट?" तेही नाही. "मग सुट्टीच्या दिवशी झोपत का नाहीस?" याला माझ्याकडे त्यांना पटेल असं उत्तर नाही, म्हणून मी डबा घेते आणि निघते.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत उटा राज्यातल्या स्नोबर्ड नावाच्या स्कीइंगच्या ठिकाणी सतरा सॉफ्टवेअरवाले जमले आणि त्यांनी एक छोटासा जाहीरनामा लिहिला. चार मूल्यं, सोबत बारा तत्त्वं, बस. त्यात पहिलंच वाक्य असं की प्रोसेस आणि टूल्सपेक्षा माणसं आणि त्यांचं आपसातलं बोलणं आम्ही मोठं मानतो. (सतराच्या सतरा पुरुष होते. हे मी ग्रुपमध्ये दर वेळी सांगते, आता पोरं माझ्या आधीच बोलून टाकतात.) भारी जड सॉफ्टवेअर प्रोजेक्ट वर्षवर्ष चालायचे आणि शेवटी कस्टमरला नको असलेलं काहीतरी हातात पडायचं, त्याला कंटाळून ही मंडळी लहान लहान तुकड्यांत काम करून दाखवायला लागली होती, त्या सगळ्याला मिळून एजाइल हे नाव पडलं. आणि लीन म्हणजे टोयोटाच्या कारखान्यांतून आलेली, फुकट जाणारं काम कमी करायची पद्धत.

आता इंदूरात या. सुपर कॉरिडॉरवरचे मोठे कॅम्पस घ्या, खंडवा रोडचा क्रिस्टल आयटी पार्क घ्या, विजय नगरातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या तीस माणसांच्या कंपन्या घ्या, सगळे एजाइल. जिरा नावाचं कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर उघडा, बोर्ड आहे. स्प्रिंट, म्हणजे ठरलेल्या थोड्या आठवड्यांचा कामाचा तुकडा, आहे. स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, तर आहेच, फक्त तो रात्री साडेनऊला आहे कारण क्लायंट तेव्हा उठतो. आणि त्या स्टँडअपमध्ये काय होतं, तर शाळेतली हजेरी. एकेकाचं नाव येतं, तो म्यूट काढतो, काल हे केलं, आज हे करीन, नो ब्लॉकर, म्हणजे काही अडलेलं नाही. पुढचा. नो ब्लॉकर. पुढची. नो ब्लॉकर. मी स्वतः टेस्टिंगमधून स्क्रम मास्टर, म्हणजे एजाइल टीमच्या मीटिंगा चालवणारी, झालेली, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघितलंय, आणि मी तुम्हाला सांगते त्या कॉलवरच्या अर्ध्या माणसांचं काम कुठेतरी अडकलेलं असतं. कोणाला टेस्ट डेटा मिळालेला नाही, कोणाला स्टोरी, म्हणजे नेमकं काय बनवायचं तेच, कळलेलं नाही, कोणी तीन दिवस एका अ‍ॅक्सेसची वाट बघतोय. पण कॉलवर क्लायंट आहे, क्लायंटचा मॅनेजर आहे, आपला डिलिव्हरी हेड कॅमेरा बंद ठेवून ऐकून राहिलाय. कोण बोलणार. अप्रेझल जवळ असेल तर अजूनच नाही.

मग ते अडलेलं शनिवारी बाहेर पडतं. खरं सांगायचं तर ग्रुप चालतो तो याच्यावर. बाकी आम्ही जे करतो ते सगळं, चिठ्ठ्या, टायमर, नियम, ते एवढ्याचसाठी की माणसाने खोलीत बसून "ब्लॉकर आहे" म्हणावं आणि त्याला कोणी वरून बघत नसावं.

हे सांगायला सोपं आहे. खोली मिळणं त्याहून कठीण. एक कंपनी कॉन्फरन्स रूम द्यायला तयार होती, एसी, प्रोजेक्टर, कॉफी मशीन, सगळं. फक्त दारावर त्यांचा हायरिंगचा बॅनर आणि आत आल्यावर रजिस्टरमध्ये सध्याची कंपनी आणि अनुभव लिहायचा. म्हणजे दुसऱ्या कंपनीतला पोरगा तिथे बसून आपल्या टीमची रड सांगणार, आणि सोमवारी त्याचा बायोडाटा मागायला फोन येणार. कॅफेत बसून बघितलं, तिथे मिक्सर सुरू झाला की बोलणं बंद. शेवटी एका मराठी मंडळाचा वरचा हॉल मिळाला. अटी तीन: चपला खाली, फरशीवर जलेबीचा पाक सांडायचा नाही, आणि बारा वाजता हॉल रिकामा, कारण नंतर गाण्याचा क्लास. मला विचाराल तर कुठल्याही टाइमबॉक्सचं इतकं कडक पालन मी ऑफिसात बघितलेलं नाही. पावणेबाराला हार्मोनियम घेऊन एक काकू दारात येऊन उभ्या राहतात. काही बोलत नाहीत, नुसत्या उभ्या राहतात.

आणि भाषा, ती तर आमची खिचडीच. हॉल मराठी मंडळाचा, अर्धे लोक मराठी, त्यातले निम्मे राजेंद्र नगर नि लोकमान्य नगरचे, बाकी हिंदी, एक-दोन मल्याळी. वाक्य मराठीत सुरू होतं, "भिया" वर वळतं, "डिप्लॉयमेंट" वर संपतं. कोणाला काही अडत नाही.

फॉरमॅटचं म्हणाल तर लेक्चर आम्ही सोडून दिलं. लेक्चरला गर्दी होते हे खरं. बाहेरून कोणी कोच येणार म्हटलं की खुर्च्या कमी पडतात, लोक पहिल्या रांगेत फोटो काढतात, कोच नव्वद स्लाइड दाखवतो आणि एक्क्याण्णवावीवर दोन दिवसांच्या सर्टिफिकेट कोर्सचा रेट असतो. सर्टिफिकेटला माझा विरोध नाही, माझ्याकडेही आहे, नोकरीच्या फॉर्मवर तो रकाना असतो तर काय करणार. पण लेक्चरमध्ये प्रश्न विचारायचा तर माणूस तो आधी घासून पुसून घेतो, आपण बावळट दिसू नये म्हणून, आणि घासून झाला की त्यात अडलेलं काही उरतच नाही. "सर, डिस्ट्रिब्यूटेड टीममध्ये ओनरशिप कशी आणायची?" अरे तुला विचारायचं होतं की तुझा प्रॉडक्ट ओनर, म्हणजे काय बनवायचं ते ठरवणारा, ईमेलला उत्तर देत नाही, त्याचं काय करू. ते विचार ना.

म्हणून लीन कॉफी. हे आमचं नाही, सिॲटलमध्ये २००९ साली जिम बेन्सन आणि जेरेमी लाइटस्मिथ यांनी सुरू केलं, त्यांनाही बहुतेक तोच कंटाळा आला होता, वक्ते शोधा, समिती करा, अजेंडा छापा. पद्धत अगदी साधी आहे. अजेंडा नाही. आल्यावर प्रत्येकाने आपला विषय एका चिठ्ठीवर लिहायचा, एका वाक्यात सांगायचा, चिठ्ठ्या मध्ये पसरायच्या, प्रत्येकाला दोन मतं, ज्यावर मतं जास्त तो विषय पहिला. आठ मिनिटांचा टायमर. वाजला की सगळ्यांनी अंगठा दाखवायचा, वर म्हणजे अजून बोलू, खाली म्हणजे पुढचा विषय. वर जास्त असतील तर अजून चार मिनिटं. आम्ही सतरंजीवर गोल बसतो आणि चिठ्ठ्या मध्ये, आणि पंखा लावला की त्या उडतात म्हणून त्यांच्यावर प्रत्येकाच्या मोबाइलचं वजन. यात एक फायदा असा झाला की मीटिंग चालू असताना मोबाइल कोणाच्या हातात नसतो.

पण अंगठ्याचा एक लोचा आहे आणि तो सिॲटलमध्ये येत असेल असं वाटत नाही. आपल्याकडे वयाने मोठा माणूस बोलत असेल तर त्याच्यासमोर अंगठा खाली करायला पोरांचा हातच उठत नाही. एक सीनियर आर्किटेक्ट होते, माणूस छान, पण मायक्रोसर्व्हिसचा, म्हणजे मोठं सॉफ्टवेअर लहान तुकड्यांत बांधायचा, विषय सुरू झाला की बारा वाजायचे, अक्षरशः. टायमर वाजला की सगळे अंगठे वर. चेहरे मेलेले, अंगठे वर. मग एका पोरीने सुचवलं, ताई डोळे मिटून अंगठे दाखवू या, मोजणारा एकटाच डोळे उघडे ठेवेल. त्या दिवशी पहिल्यांदा सगळे अंगठे खाली आले आणि आर्किटेक्ट साहेबांनी डोळे उघडल्यावर विचारलं, किती? मोजणारा म्हणाला, सर, पुढचा विषय. ते हसले. अजून येतात, आणि आता आठ मिनिटांत बोलतात, चांगलं बोलतात.

इंदूर तसं गाव मोठं पण आयटीतलं इंदूर लहान. "एक क्लायंट आहे, इन्शुरन्सवाला" एवढं म्हटलं की चार जणांना कळतं कुठली कंपनी, कुठला मजला. त्यामुळे एक नियम लंडनहून आणला, चॅटम हाऊस नावाच्या संस्थेचा, १९२७ पासूनचा आहे: इथे जे ऐकलं ते बाहेर वापरा, खुशाल वापरा, पण कोण बोललं आणि कुठला होता ते सांगायचं नाही. नियम वाचून दाखवला तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एकदा एकाच टीमचे दोघं आले, मॅनेजर आणि त्याचा ज्युनियर, दोघांना एकमेकांचं माहीत नव्हतं. दारातच "अरे तू?" "सर तुम्ही?" झालं. पोराने चिठ्ठीच लिहिली नाही, पोहे खाल्ले आणि गप्प. नियम होता, पण नियमाने काय होतं, सोमवार तर त्याच माणसासमोर येणार होता.

त्या मॅनेजरचं मला कौतुक वाटतं ते पुढच्या भागासाठी. त्याने पुढच्या वेळी स्वतःची चिठ्ठी टाकली: "माझ्या टीममधलं कोणी मला खरं सांगत नाही." ज्युनियर समोर बसलेला. मतं भरपूर पडली, कारण खोलीतल्या अर्ध्या लोकांना तोच प्रॉब्लेम वरून होता आणि अर्ध्यांना खालून. त्यावर कोणी त्याला उपाय दिला नाही, म्हणजे दिले पण सगळे फालतू होते, अ‍ॅनॉनिमस सर्व्हे वगैरे. उत्तर आलं ते पीथमपूरच्या काकांकडून.

या काकांबद्दल सांगायलाच हवं. त्यांचा सॉफ्टवेअरशी काडीचा संबंध नाही. पीथमपूरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत आयुष्य गेलं, रिटायर झाले, त्यांचा भाचा आमच्यात येतो, त्याच्या तोंडी "कानबान" हा त्यांच्या कारखान्यातल्या कार्डांचा शब्द ऐकून ते चकित झाले आणि त्याच्याबरोबर आले. पहिल्या दिवशी आम्ही मोठ्या हौसेने आमचा बोर्ड दाखवला, टू डू, डूइंग, डन. काका चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

"कार्ड आहेत. पण मर्यादा कुठे लिहिलीय?"

कसली मर्यादा काका?

"अगं, आमच्याकडे कार्ड म्हणजे परवानगी. डबा रिकामा झाला, कार्ड मागे गेलं, तेव्हाच मागचा माणूस माल बनवणार. कार्ड नाही तर हात बांधून उभा राहा. तुमच्याकडे तर ज्याला वाटेल तो नवीन कार्ड लिहून चिकटवून राहिलाय."

मग त्यांनी मोजायला लावलं. डूइंगमध्ये तीस कार्डं. आठवड्याला सरासरी किती संपतात? भाच्याने जिरा उघडून बघितलं, पाच. "म्हणजे आज जे कार्ड आत टाकाल ते सरासरी सहा आठवड्यांनी बाहेर येणार. क्लायंटला काय सांगितलंय?" भाचा हळूच म्हणाला, दोन आठवडे. याला लिटिलचा नियम म्हणतात, जॉन लिटिल यांनी १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केलेला, आत किती आहे भागिले किती वेगाने बाहेर पडतंय, तेवढा वेळ. आमच्यातल्या इंजिनियरिंगवाल्यांनी तो कॉलेजात शिकलेला होता. काकांनी कॉलेज केलेलं नाही, डिप्लोमा आहे, त्यांना तो शॉप फ्लोअरवर साठलेल्या मालाच्या ढिगामुळे माहीत होता. "माल दिसतो गं आमच्याकडे. पाय ठेवायला जागा नसते, मग मॅनेजरला कळतं. तुमचा माल लॅपटॉपमध्ये लपून बसतो, म्हणून तुम्हाला वाटतं साठलेलं काही नाही."

मेरी आणि टॉम पॉपेनडिक या जोडप्याने टोयोटातले फुकट जाणाऱ्या गोष्टींचे सात प्रकार सॉफ्टवेअरच्या भाषेत मांडले होते, अर्धवट पडलेलं काम, कोणी न मागितलेली फीचर्स, एका कामातून दुसऱ्यात उड्या, वाट बघणं, दोष, असे. ती यादी मी कितीदा स्लाइडवर दाखवली असेल, लोक फोटो काढायचे. काकांनी तीस कार्डांचं सहा आठवडे करून दाखवल्यावर मात्र भाच्याने त्याच हॉलमध्ये बसून टीम लीडला मेसेज टाकला.

तर त्या मॅनेजरला काका म्हणाले, आमच्याकडे दोरी होती. लाइनच्या वर, हाताला येईल अशी. कोणाही कामगाराला काही गडबड दिसली की ओढायची, दिवा लागतो, सुपरवायझर पळत येतो, आणि काम पुढच्या खुणेपर्यंत पोचायच्या आत सुटलं तर ठीक, नाही तर लाइन थांबते. टोयोटात याला आंदोन म्हणतात. "दोरी लावायला एक दिवस लागला. ती ओढली जायला किती दिवस लागले विचारा. कारण पहिल्या पोराने ओढली तेव्हा सुपरवायझर पळत आला आणि म्हणाला, काय रे, काय केलंस? झालं, त्यानंतर कोणी हात लावेना. मग वरचे साहेब आले, त्यांनी सुपरवायझरला बाजूला घेतलं, आता पळत जाशील तेव्हा पहिला शब्द थँक्यू. बाकी नंतर." मॅनेजर म्हणाला, एवढंच? काका म्हणाले, एवढंच, करून बघ, जिभेवर येत नाही. ज्युनियर हसला, त्याच्या बॉसकडे न बघता.

कधी कधी आम्ही खेळही खेळतो, आणि त्यातला नाण्यांचा खेळ मला फार आवडतो, कारण त्यात वाद घालायला जागाच नाही. एक एक रुपयाची वीस नाणी. चार कामगार ओळीत, शेवटी एक कस्टमर, आणि प्रत्येक कामगाराच्या मागे मोबाइलचं स्टॉपवॉच धरून एक मॅनेजर. पहिला कामगार वीसच्या वीस नाणी एका हाताने पालथी करतो, मग ढीग पुढे सरकवतो, दुसरा करतो, असं चौघं. एका नाण्याला एक सेकंद धरला तर कस्टमरला सगळी नाणी ऐंशी सेकंदांनी मिळतात, आणि तोवर एकही नाही. आता पाच पाचचे गठ्ठे करा, पहिला गठ्ठा विसाव्या सेकंदाला पोचतो, सगळं पस्तीसमध्ये संपतं. एकेक नाणं पुढे सरकवा, पहिलं चौथ्या सेकंदाला, शेवटचं तेविसाव्या. काम तेच, माणसं तीच, कोणी जोर लावलेला नाही. अर्थात खरे हात इतके शिस्तीत चालत नाहीत, नाणं चिकटतं, घसरतं, कोणीतरी हसतं.

पण खरी मजा मागे उभ्या मॅनेजरांच्या घड्याळात आहे. एकेक नाणं सरकवताना प्रत्येक कामगाराचा स्वतःचा वेळ बहुतेक वेळा वाढतो, कारण मधे वाट बघावी लागते, हात थांबतो. सगळ्यांचं मिळून काम लवकर झालं आणि एकेकटा मात्र स्लो दिसून राहिला. एकदा एक डिलिव्हरी मॅनेजर, खऱ्या आयुष्यातलाच, स्टॉपवॉच धरून उभा होता, तो आकडे बघून गप्प झाला आणि मग म्हणाला, माझ्या शीटमध्ये हे चौघं रेडमध्ये येतील. तासावर बिल लावणाऱ्या धंद्यात रिकामा हात म्हणजे पाप, त्यामुळे सगळ्यांचे हात भरलेले आणि कस्टमर ऐंशी सेकंद बसलेला. याचं काय करायचं? त्याने विचारलं, आणि कोणाकडेच उत्तर नव्हतं, कारण बिलिंगचं मॉडेल आमच्यापैकी कोणाच्या हातात नाही. ही आमच्या ग्रुपची हद्द आहे आणि ती मला माहीत आहे. पण निदान आता तो टीमला "तू स्लो का" असं विचारायच्या आधी दोनदा थांबतो असं त्याच्या टीमचा एक मुलगा सांगत होता. (चॅटम हाऊस! मी काही बोलले नाही.)

लीनबद्दल मात्र माझ्या मनात एक खडा आहे आणि तो इंदूरचाच आहे. माझे आजोबा इथल्या एका मिलमध्ये विणकर होते. आज या गावात आलेल्या माणसाला कळणारही नाही की हे मिलचं गाव होतं. मालवा मिल आता चौराह्याचं नाव, हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद झाली, आणि तरी अनंत चतुर्दशीला रात्रभर ज्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात त्या अजूनही मिलच्याच नावाने निघतात. लीनची सगळी गोष्टच मुळात मागावरून सुरू होते. टोयोटा कंपनी ज्यांच्या घराण्यातून आली त्या साकिची टोयोडा यांनी असा माग बनवला की धागा तुटला की तो आपोआप थांबतो, खराब कापड पुढे विणलंच जात नाही. त्यांचा जी टाइपचा स्वयंचलित माग १९२४ चा, आणि १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी विकत घेतले. काकांची दोरी, आमचा बिल्ड, म्हणजे सगळ्यांचा कोड जोडून तयार होणारं सॉफ्टवेअर, तुटला की लाल होणारा दिवा, सगळ्याचं मूळ तो तुटलेला धागा. ही गोष्ट ट्रेनिंगमध्ये फार गोड करून सांगतात.

फक्त तिची दुसरी बाजू सांगत नाहीत. माग स्वतःच थांबणार असेल तर त्याच्यापाशी माणूस कशाला उभा ठेवायचा, एकच माणूस कितीतरी माग सांभाळेल. आणि याच काळात, १९२८ ला, मुंबईत गिरण्यांचा जो महिनोन्महिने चाललेला संप झाला, त्यात विणकराच्या अंगावर दोनाच्या जागी तीन माग टाकण्याचा वाद होता. आजोबांच्या पिढीला सुधारणा या शब्दाचा अर्थ आधी तोच ऐकू यायचा, किती माणसं घरी जाणार. टोयोटावाले म्हणतात आमच्या पद्धतीचे दोन खांब, एक सतत सुधारणा आणि दुसरा माणसांचा मान. आमच्या ग्रुपमध्ये एक मुलगा म्हणाला, ताई आमच्याकडे पहिला खांब आला, दुसरा अजून ट्रान्झिटमध्ये आहे. हसलो सगळे. त्याच्या टीममध्ये आठ जण होते, "लीन" झाल्यावर पाच राहिले आणि बॅकलॉग, म्हणजे करायच्या कामांची यादी, तेवढाच. हल्ली चिठ्ठ्यांत एआय शिवाय काही नसतं, आणि खाली खरवडलं तर प्रश्न तोच आजोबांचा असतो, एक माणूस किती माग सांभाळणार आणि बाकीचे कुठे जाणार. मी त्यावर शहाणपण शिकवत नाही. मला माहीत नाही म्हणून नव्हे, तर आठ मिनिटांत कोणालाही शहाणं करता येत नाही म्हणून. पण तो प्रश्न तिथे मोठ्याने विचारता येतो, ऑफिसात "अपस्किलिंग" असं म्हणून विचारावा लागतो.

बायकांचंही सांगते. ग्रुप आधी संध्याकाळी भरायचा, सातला, आणि मी सोडून एखादीच. मग शनिवार सकाळ केली तर बायका वाढल्या, कारण सकाळी मुलांचा ड्रॉइंगचा क्लास असतो तेवढ्यात येता येतं. एवढी साधी गोष्ट. डायव्हर्सिटीवर पॅनल डिस्कशन वगैरे काही करावं लागलं नाही. एक जण मुलं मोठी झाल्यावर टेस्टिंगमध्ये परत यायचं म्हणत होती, मधे बरीच वर्षं गेलेली, तिने चिठ्ठीवर लिहिलं होतं "मला ऑटोमेशन येत नाही आणि विचारायची लाज वाटते." त्यावर मतं मोजायची वेळच आली नाही. दोन पोरं लॅपटॉप घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसली आणि बाकीचा गोल त्यांच्याशिवाय चालू राहिला. तिला "काकू" म्हणू की "मॅम" यात एकाचा थोडा वेळ गेला, शेवटी "ताई" ठरलं.

परवा एक प्रस्ताव आला. ग्रुप बराच चाललाय, तर रजिस्टर करू या. संस्था, घटना, अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष, लेटरहेड, म्हणजे कंपन्यांकडून स्पॉन्सरशिप घेता येईल. प्रस्ताव मांडणारा मनापासून मांडत होता आणि त्याच्या मनात अध्यक्ष मी होते, त्यामुळे मला जोरात नाही म्हणणं अवघड. पण आपण मराठी माणसं आहोत, मंडळं बघितलेली आहेत. अध्यक्षाची खुर्ची आली की निवडणूक आली, निवडणूक आली की दोन गट आले, आणि मग पोहे कोणाच्या ठेल्यावरून यावरही ठराव. ते एक वेळ परवडेल. पण खोलीत एक अध्यक्ष बसला की सगळे त्याच्याकडे बघून बोलायला लागतात, आणि तसं बोललेलं मी रोज रात्री साडेनऊला ऐकते. पैसे लागतात ते किती, पोह्यांचे आणि चहाचे, त्याला दारापाशी एक स्टीलचा डबा आहे, ज्याला वाटेल तो टाकतो, कमी पडले तर कोणीतरी भरतो.

त्याऐवजी आम्ही हॉलची किल्ली फिरवतो. ज्याच्याकडे किल्ली तो त्या महिन्याचा यजमान, तोच मेसेज टाकणार, टायमर धरणार, हार्मोनियमवाल्या काकूंना तोंड देणार. आता दोन महिने ती दोन अगदी नवीन पोरांकडे आहे आणि ते त्यांच्या पद्धतीने चालवतात, मला सगळंच आवडतं असं नाही, गाणी काय लावतात. हॅरिसन ओवेन म्हणून एक गृहस्थ होते, एका कॉन्फरन्समध्ये लोकांना सगळ्यात जास्त चहाचे ब्रेकच आवडले हे बघून त्यांनी १९८५ मध्ये ओपन स्पेस नावाची मीटिंगची पद्धत काढली. त्यात एक दोन पायांचा नियम आहे, तुम्ही जिथे बसलात तिथे तुम्हाला काही मिळत नसेल आणि तुम्हीही काही देत नसाल, तर आपले दोन पाय वापरा आणि दुसरीकडे जा, कोणी वाईट वाटून घ्यायचं नाही. गेल्या शनिवारी एस्टिमेशनवर, म्हणजे कामाच्या अंदाजावर, चर्चा सुरू झाली, अंदाज पोकरचे पत्ते दाखवून काढायचा का, स्टोरी पॉइंट म्हणजे कामाच्या आकाराच्या गुणांत मोजायचा की तासांत, हा विषय मी इतक्यांदा ऐकलाय की मला त्यावर झोप येते. उठले, खाली गेले, कट चहा मारला, कोपऱ्यावरच्या ठेल्यावाल्याशी जिरावनवर बोलले. वर आले तेव्हा त्यांचे अंगठे मोजून झाले होते आणि पुढची चिठ्ठी चालू होती, मी गेले होते हे मोबाइलचं वजन कमी झाल्याने एक चिठ्ठी उडाली म्हणून कोणाला तरी कळलं होतं, तेवढंच.